टाउनहाउसचा विमा: असोसिएशनची पॉलिसी कुठे संपते, आपली कुठून सुरू होते?

जास्वंद | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आणि आता सेंट्रल न्यू जर्सीत टाउनहाउस घेतोय. तीन बेडरूम, खाली फिनिश्ड बेसमेंट, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. ॲटर्नी रिव्ह्यू आणि इन्स्पेक्शन पार पडलं, क्लोजिंगला, म्हणजे घर आमच्या नावावर व्हायला, पाच आठवडे आहेत. आता लेंडरने विम्याची कागदपत्रं मागितली आहेत आणि तिथे मी अडकले आहे.

दोन एजंटांशी बोलले. पहिल्याने विचारलं, "एचओ-३ हवी की एचओ-६?" मला फरकच माहीत नव्हता. दुसऱ्याने काही न विचारता तासाभरात एचओ-६ चं कोट पाठवलं. घराच्या आतल्या बांधकामासाठी २५ हजार डॉलर, सामानासाठी ४० हजार, लायबिलिटी १ लाख, लॉस असेसमेंट १ हजार. स्वस्त आहे. नवऱ्याचं म्हणणं, असोसिएशनला, म्हणजे इथल्या घरमालकांच्या संस्थेला, महिन्याला ३९० डॉलर भरणार आहोत, त्यात इमारतीचा विमा आहेच, मग आपण लेंडरचं समाधान होईल एवढं घेऊ. मला मात्र हे आकडे कुणी कशावरून काढले तेच कळत नाहीये. कर्ज तीस वर्षांचं आहे. ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची?

उंबरठा | सोमवार, रात्री ११.०५

जास्वंद, घराबद्दल अभिनंदन. मी चौदा वर्षं विम्याच्या धंद्यात आहे, आधी क्लेम बघायचो, आता पॉलिसी विकतो. तुमच्या राज्याचं लायसन्स माझ्याकडे नाही, त्यामुळे इथे विकायला काही आणलेलं नाही.

क्लेम बघताना सर्वांत वाईट कधी वाटायचं, तर माणसाकडे विमा असायचा, हप्ते वेळेवर भरलेले असायचे आणि तरी नुकसानीचा मधला एक तुकडा कुणाच्याच पॉलिसीत नसायचा. असोसिएशन म्हणायची ते घरमालकाचं, घरमालक म्हणायचा ते असोसिएशनचं. तुमच्या हातातलं २५ हजारांचं कोट अगदी तसंच दिसतंय.

म्हणून किंमत नंतर. आधी हे बघा की कायद्याने तुम्ही नक्की काय विकत घेताय. टाउनहाउस हे घराच्या आकाराचं नाव आहे, मालकीचं नाही. शेजारी शेजारी उभी असलेली, दिसायला सारखी दोन टाउनहाउस. एकात मालकाकडे जमिनीसकट, छपरासकट सगळं घर असतं. त्याला फी सिंपल म्हणतात आणि तिथे साधारणपणे एचओ-३ लागते, म्हणजे स्वतंत्र बंगल्याला घेतो ती. दुसऱ्यात मालकी कॉन्डोमिनियमची असते. जमीन, छप्पर, बाहेरच्या भिंती सामाईक आणि तुमच्या मालकीची फक्त आतली जागा. तिथे एचओ-६. न्यू जर्सीत कायद्याने कॉन्डो असलेली टाउनहाउस पुष्कळ आहेत. हे एजंटने अंदाजाने ठरवायचं नसतं, डीड (तुमच्या घराचं खरेदीखत) आणि मास्टर डीड (सगळ्या संकुलाचा मालकीचा मूळ दस्त) बघूनच ठरतं.

कॉन्डो निघालं तर पुढचा प्रश्न असा की असोसिएशनची मास्टर पॉलिसी आत कुठपर्यंत येते? ढोबळ तीन प्रकार आहेत. बेअर वॉल्स, म्हणजे इमारतीचा सांगाडा आणि बाहेरचं कवच तेवढं त्यांचं. आतली कपाटं, फरशी, सिंक, दिवे सगळं तुमच्या गळ्यात. दुसरा सिंगल एंटिटी. बिल्डरने मुळात जे बसवून दिलं त्या दर्जापर्यंत मास्टर पॉलिसी देते, नंतर कुणी केलेल्या सुधारणा धरत नाही. तिसरा ऑल-इन, त्यात सुधारणाही येतात. तुमची कव्हरेज ए, म्हणजे कोटातले ते २५ हजार, किती असावी हे या एका गोष्टीवर अवलंबून आहे. हे न विचारता जो आकडा देतो, तो तुमचं घर न बघता पडद्यांची मापं सांगतोय.

मॅनेजमेंट कंपनीकडून चार कागद मागवा: मास्टर डीड, बायलॉज, मास्टर पॉलिसीचं डिक्लरेशन पेज (रकमांचा गोषवारा असलेलं पान) आणि डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला विमा कंपनी देत नाही तो पहिला हिस्सा, कुणी भरायचा याबद्दल बोर्डाचा काही ठराव असेल तर तो. मिळाले की इथे लिहा.

सोनटक्का | मंगळवार, सकाळी ८.१०

उंबरठा यांनी लिहिलेलं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही शिकागोजवळ दुसऱ्या मजल्यावरच्या कॉन्डोत राहायचो. एका शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आले तर हॉलच्या छतातून पाणी गळत होतं. वरच्यांच्या वॉशिंग मशीनचा पाण्याचा होज फुटला होता आणि ते दिवसभर बाहेर होते. छताचा ड्रायवॉल खाली आला, लाकडी फरशी फुगली, किचनची खालची कपाटं गेली.

मला वाटलं, पाणी त्यांच्याकडून आलं तर पैसे त्यांचा विमा देणार. त्यांच्या कंपनीने उत्तर पाठवलं की घरमालकाचा निष्काळजीपणा दिसत नाही, होज जुना नव्हता, तो अचानक फुटला, म्हणून आमच्यावर जबाबदारी येत नाही. आमच्या असोसिएशनचं डिडक्टिबल १० हजार होतं आणि आमच्या घरातलं जे काम मास्टर पॉलिसीत बसत होतं त्याचा अंदाज साडेनऊ हजारांचा निघाला. म्हणजे त्यांच्या पॉलिसीतून शून्य. उरलं सगळं आमच्या एचओ-६ वर. कव्हरेज ए होती २० हजार आणि सगळ्या कामाचं बिल झालं ३१ हजार.

त्यातल्या त्यात लॉस ऑफ यूज, म्हणजे घर राहण्याजोगं नसताना बाहेर राहण्याच्या खर्चाचं कव्हर, कामाला आलं. सहा आठवडे हॉटेलात राहिलो, त्याचा खर्च मिळाला. मुलगी तेव्हा दुसरीत होती, रोज विचारायची घरी कधी जायचं. जास्वंद, वरचे ११ हजार आम्ही होम इक्विटी लाइनमधून, म्हणजे घरावरच्या कर्जातून, काढले आणि तीन वर्षं फेडले. कव्हरेज ए २० ऐवजी ५० केली असती तर प्रीमियम वर्षाला किती वाढला असता, हे मी नंतर विचारलं. एका कुटुंबाच्या एका वेळच्या बाहेरच्या जेवणाएवढा.

मधुमालती | मंगळवार, दुपारी १.३५

सोनटक्का, वाचून पोटात कालवलं.

मी दागिन्यांबद्दल लिहिते, कारण आपल्या घरांत हा विषय नक्की असतो आणि एजंट स्वतःहून काढत नाहीत. सामानासाठी ४० हजारांचं कव्हर आहे म्हणजे घरातलं सोनं त्यात आलं असं समजू नका. प्रमाणित पॉलिसीत दागिने चोरीला गेले तर सगळे मिळून १,५०० डॉलरची मर्यादा असते. मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी, लेकीच्या बारशाच्या बिंदल्या, सगळ्यांना मिळून १,५००. आजच्या भावात एक पाटलीसुद्धा त्यात बसत नाही. चांदीच्या भांड्यांना चोरीसाठी वेगळी मर्यादा आहे, २,५०० डॉलर. ताट, वाटी, समई, ताम्हण त्यात धरलं जातं. सर्वांत दचकायला लावणारी गोष्ट नाण्यांची. धनत्रयोदशीला घेतलेलं सोन्याचं नाणं हा दागिना नाही. ते रोख रक्कम आणि सोन्याच्या तुकड्यांच्या गटात जातं आणि तिथली मर्यादा फक्त २०० डॉलर आहे.

यावर उपाय शेड्यूल करण्याचा. प्रत्येक मोठा दागिना अप्रेझलसकट, म्हणजे किमतीच्या लेखी मूल्यांकनासकट, पॉलिसीत नावाने नोंदवायचा. मग चोरीच काय, हरवला तरी भरपाई मिळते आणि बहुतेक पॉलिसींत तो भारतात लग्नाला नेला तरी चालतो. मी आईच्या जुन्या तोड्यांचं अप्रेझल इथल्या सोनाराकडून करून घेतलं. त्याला घडणावळीचा प्रकार समजावून सांगावा लागला, कारण तो नुसतं वजन धरत होता. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय म्हणून निर्धास्त असाल तर हेही लक्षात असू द्या, एफडीआयसीचा, म्हणजे बँक ठेवींचा सरकारी, विमा खात्यातल्या पैशांना असतो, लॉकरमधल्या वस्तूंना नसतो.

जास्वंद | बुधवार, रात्री ९.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. नाण्यांचं वाचून मी लगेच डबा काढून नाणी मोजली.

कागद मिळाले. मास्टर डीड १६४ पानी आहे, दोन रात्री घालवल्या. जे सापडलं ते असं:

मालकी कॉन्डोचीच आहे, म्हणजे एचओ-६ बरोबर होती. छप्पर, साइडिंग, बाहेरच्या भिंती असोसिएशनच्या. मास्टर पॉलिसी "मूळ बांधकामाच्या दर्जापर्यंत" आहे, म्हणजे उंबरठा म्हणतात ती सिंगल एंटिटी असावी. आधीच्या मालकांनी किचन नवीन केलं, दोन मजल्यांवर हार्डवुड टाकलं आणि बेसमेंट त्यांनीच फिनिश केलं. ज्या गोष्टी बघून आम्ही घराच्या प्रेमात पडलो, त्यांतली एकही मास्टर पॉलिसीत नाही!

डिडक्टिबल २५ हजार आहे. बायलॉजमध्ये लिहिलंय की नुकसान एकाच घरापुरतं असेल तर ते त्या घराच्या मालकाने भरायचं. आणि वादळ-वाऱ्यासाठी वेगळं डिडक्टिबल आहे, इमारतींच्या विमा रकमेच्या २ टक्के. एकूण विमा ४ कोटी डॉलरचा, घरं १२०. हा २ टक्क्यांचा प्रकार माझ्या लक्षात आला नाही.

उंबरठा | बुधवार, रात्री ११.३०

तुम्ही दोन रात्रींत जे केलंत ते बहुतेक घरमालक वीस वर्षांत करत नाहीत. आता आकडे मांडू.

कव्हरेज ए. बेसमेंट पुन्हा करायला, किचनचा मूळ दर्जापेक्षा वरचा खर्च आणि हार्डवुड, या तिन्हींचा अंदाज एखाद्या स्थानिक कॉन्ट्रॅक्टरकडून घ्या. समजा बेसमेंट ४०, किचन ३०, फरशी २० असे ९० हजार झाले. त्यात असोसिएशनचे २५ हजार मिळवा, कारण तुमच्या घरात आग लागली तर मास्टर पॉलिसीच्या हिश्शातले पहिले २५ हजारही तुमच्यावर येतात. एचओ-६ च्या प्रमाणित मजकुरात, असोसिएशनच्या करारानुसार ज्याचा विमा काढणं तुमची जबाबदारी आहे, ते कव्हरेज ए मध्ये धरलेलं असतं. झाले १ लाख १५ हजार. थोडी महागाई धरून १ लाख २५ हजार. तुमच्या कोटात होते २५.

आणखी एक. साध्या एचओ-६ मध्ये कव्हरेज ए ठरावीक कारणांनी झालेल्या नुकसानीपुरतीच असते: आग, वीज, वारा, अचानक गळती वगैरे. यादीत कारण नसेल तर पैसे नाहीत. "युनिट ओनर्स स्पेशल कव्हरेज" नावाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, मागा, फॉर्मचा क्रमांक एचओ १७ ३२. मग उलटं होतं, जे स्पष्टपणे वगळलेलं नाही ते सगळं धरलं जातं.

आता ते २ टक्के. ४ कोटींचे २ टक्के म्हणजे ८ लाख डॉलर. उद्या एका वादळात सगळ्या इमारतींची छपरं उडाली, तर पहिले ८ लाख १२० घरांत वाटले जातील. दरडोई नव्हे, दरघरटी ६,६६७ डॉलर. असोसिएशन ही वर्गणी तुमच्याकडे मागेल आणि त्यासाठीच लॉस असेसमेंट कव्हर असतं. तुमच्या कोटात ते १ हजार आहे. ५० हजार करा, फार महाग नसतं.

पण इथेच एक खाच आहे. प्रमाणित मजकुरात असं लिहिलेलं असतं की असेसमेंट जर मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलमुळे आलेली असेल, तर कंपनी १ हजारापेक्षा जास्त देणार नाही, मग तुम्ही ५० हजारांचं कव्हर का घेतलेलं असेना. त्या ६,६६७ पैकी ५,६६७ तुमच्या खिशातून. काही कंपन्या ही मर्यादा काढून टाकतात किंवा वाढवून देतात, काही नाही. एजंटला नेमका हाच प्रश्न लेखी विचारा: "डिडक्टिबलमुळे आलेल्या असेसमेंटला तुमच्याकडे वेगळी मर्यादा आहे का?" आणि उत्तर ईमेलवर घ्या. क्लेमच्या वेळी मी लोकांना हे वाक्य दाखवायचो तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नसत.

सामानासाठी रिप्लेसमेंट कॉस्ट, म्हणजे नवीन वस्तूच्या किमतीएवढी भरपाई, आहे का, तेही बघा. नसेल तर आठ वर्षं वापरलेल्या सोफ्याचे तुम्हाला आठ वर्षं वापरलेल्या सोफ्याएवढेच पैसे मिळतील. लायबिलिटी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर त्याचं कव्हर, किमान ३ लाख करा, घरात माणसांची ये-जा असतेच.

रॅरिटनकाठ | गुरुवार, सकाळी ७.४५

बेसमेंट हा शब्द वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचं उरलंसुरलं पाणी न्यू जर्सीवर पडलं तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये गुडघ्याच्या वर पाणी होतं. आम्ही फ्लड झोनमध्ये नव्हतो, लेंडरने कधी पूरविमा मागितला नव्हता.

दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. बाहेरचं पाणी जमिनीवरून घरात आलं तर तो पूर. तो एचओ-३ मध्येही नाही आणि एचओ-६ मध्येही नाही. ड्रेन उलटा आला किंवा सम्प पंप (बेसमेंटमध्ये साठणारं पाणी उपसणारा पंप) बंद पडून पाणी वर आलं, तर तेही मूळ पॉलिसीत नसतं, त्याला वॉटर बॅकअपचं एन्डॉर्समेंट लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

एनएफआयपी, म्हणजे सरकारी पूरविमा, घराला जास्तीत जास्त २ लाख ५० हजार आणि सामानाला १ लाख देतो, आणि सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं. एरवी पॉलिसी घेतल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं. मात्र नवीन कर्जाच्या क्लोजिंगच्या निमित्ताने घेतली तर ते ३० दिवस लागत नाहीत. जास्वंद, तुमच्यासाठी हीच वेळ आहे. पण बेसमेंटबाबत मन घट्ट करा. फर्नेस, वॉटर हीटर, सम्प पंप, वॉशर-ड्रायर एवढं धरलं जातं. गालिचा, सजवलेल्या भिंती, टीव्ही, पुस्तकं धरली जात नाहीत. आमचे लग्नाचे अल्बम खाली होते. त्यांची भरपाई कुठलीच पॉलिसी देत नाही, म्हणून आता महत्त्वाचं काहीही आम्ही खाली ठेवत नाही.

जास्वंद | गुरुवार, सकाळी ८.३०

रॅरिटनकाठ, अल्बमचं वाचून फार वाईट वाटलं. देवघर खाली करायचा बेत होता, आता पहिल्या मजल्यावरच करू.

पारिजात_फ्रीमाँट | गुरुवार, दुपारी १२.१५

कॅलिफोर्नियातून. आमच्या गावाखालून हेवर्ड फॉल्ट जातो, त्यामुळे इथला प्रश्न भूकंपाचा. घराच्या नेहमीच्या विम्यात भूकंप नसतो. १९९४ च्या नॉर्थरिजच्या भूकंपानंतर कंपन्यांनी हात आखडता घेतला, त्यातून १९९६ मध्ये कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटी उभी राहिली. तिची कॉन्डोसाठी वेगळी पॉलिसी आहे. त्यात सगळ्यात मोलाचा भाग मला लॉस असेसमेंटचा वाटतो, तो १ लाखापर्यंत घेता येतो. कारण आमच्या असोसिएशनकडे भूकंपाचं कव्हरच नाही. इमारत हलली तर दुरुस्तीचा सगळा भार आम्हा घरमालकांवर वाटला जाणार. बोर्डाच्या बैठकीत दोनदा विषय काढला, प्रीमियम परवडत नाही म्हणून मागे पडला.

आमच्याकडे असोसिएशनला वार्षिक बजेटसोबत विम्याचा गोषवारा सगळ्या मालकांना पाठवावा लागतो, कायदाच आहे. तो पाकिटातून काढून वाचत जा, कृपया. न्यू जर्सीकरांनाही ५ एप्रिल २०२४ ला ४.८ चा धक्का बसला होताच.

चिंचवडची_लेक | गुरुवार, रात्री ८.४०

मी पुण्यात असते, इथे फक्त वाचायला आले होते. पूर आणि भूकंप मूळ पॉलिसीत नाहीत हे वाचून आश्चर्य वाटलं. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात पूर, भूकंप, दरड हे सगळं मुळातच आहे. सामानाला आपोआप इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. तरी आमच्या सोसायटीत विचारलं तर निम्म्या लोकांना सोसायटीने विमा काढलाय का तेही माहीत नाही. उद्याच सेक्रेटरींना विचारते.

निवांत_टॅम्पा | शुक्रवार, सकाळी ९.२५

एक गल्लत होऊ नये म्हणून लिहितोय. लॉस असेसमेंट आणि स्पेशल असेसमेंट ही नावं सारखी वाटतात, पण विमा फक्त अशा वर्गणीला लागतो जी एखाद्या विमायोग्य दुर्घटनेमुळे आली. छप्पर जुनं झालं, काँक्रीट खराब झालं, गॅरेजची दुरुस्ती काढली, अशा कारणाने बोर्डाने पैसे मागितले तर ते तुमचे तुम्हीच भरायचे.

आमच्या फ्लोरिडातल्या सर्फसाइडचा चॅम्प्लेन टॉवर्स साउथ हा कॉन्डो टॉवर २४ जून २०२१ ला कोसळला, ९८ माणसं गेली. त्याच्या आधी तिथल्या असोसिएशनने दीड कोटी डॉलरची स्पेशल असेसमेंट मंजूर केली होती, दुरुस्तीसाठीच. ती रक्कम कुठल्याही एचओ-६ मधून येणारी नव्हती. त्यानंतर फ्लोरिडात २०२२ मध्ये तपासणीचा आणि राखीव निधीचा कायदा झाला, न्यू जर्सीतही जानेवारी २०२४ मध्ये झाला. जास्वंद, तुमच्या असोसिएशनची रिझर्व्ह स्टडी, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांचा आणि राखीव निधीचा अहवाल, मागून घ्या. छपरं किती वर्षांची आहेत आणि बदलायला पैसे साठवलेत का, हे क्लोजिंगच्या आधी कळलेलं बरं.

फ्लोरिडात कायद्यानेच प्रत्येक कॉन्डो पॉलिसीत किमान २ हजारांचं लॉस असेसमेंट असावं लागतं. किमान म्हणजे पुरेसं नव्हे, हे आमच्याकडच्या प्रत्येक चक्रीवादळानंतर लोक नव्याने शिकतात.

सोनटक्का | शुक्रवार, दुपारी ३.००

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांसाठी. पाच-सहा आठवडे घर बंद ठेवताना पैसे वाचवायला हीट पूर्ण बंद करू नका. पाइप गोठून फुटला आणि तुम्ही घरात नसताना हीट चालू ठेवलेली नव्हती, किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केले नव्हते, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. आम्ही आता दोन्ही करतो. शिवाय किल्ली शेजारच्या काकूंकडे देतो, त्या आठवड्याला एक चक्कर मारतात. हळूहळू गळणाऱ्या पाण्याचंही तसंच आहे. आठवडेच्या आठवडे झिरपत राहिलं तर ते अचानक झालेलं नुकसान धरत नाहीत.

आणि मशीनचे होज स्टीलची जाळी असलेले घ्या. माझी कळकळीची विनंती आहे.

जास्वंद | पुढचा गुरुवार, रात्री १०.१०

मंडळी, पॉलिसी घेतली. तुमच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही तिच्यात आहे.

कव्हरेज ए १ लाख २५ हजार, स्पेशल एन्डॉर्समेंटसह. सामान ८० हजार, रिप्लेसमेंट कॉस्टने. लायबिलिटी ३ लाख. वॉटर बॅकअप २५ हजार. लॉस असेसमेंट ५० हजार. डिडक्टिबलच्या मर्यादेबद्दल उंबरठा यांनी सांगितलेला प्रश्न तीन कंपन्यांना शब्दशः पाठवला. एकीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने हजाराची मर्यादा आहे असं मान्य केलं. तिसरीने ती मर्यादा नाही असं लेखी कळवलं, म्हणून तिच्याकडून घेतली. पहिल्या स्वस्त कोटापेक्षा वर्षाला २८० डॉलर जास्त. नवरा सोनटक्काचा अनुभव वाचून काही बोलला नाही, फक्त "कर" म्हणाला.

एनएफआयपी क्लोजिंगसोबत घेतोय. तोडे आणि आजीची ठुशी अप्रेझलला दिली आहेत, मधुमालती, सोनाराला घडणावळ समजावायला मी स्वतः उभी राहिले. रिझर्व्ह स्टडीही आली. छपरं १७ वर्षांची आहेत आणि निधी बऱ्यापैकी आहे.

एकच शंका उरली. मॅनेजमेंट कंपनीने आज सहज सांगितलं की जुलैत मास्टर पॉलिसीचं नूतनीकरण आहे आणि बोर्ड डिडक्टिबल २५ वरून ५० हजार करायचा विचार करतंय, म्हणजे मेन्टेनन्स वाढवावा लागणार नाही. मग आमचं गणित पुन्हा बदलेल ना?

उंबरठा | पुढचा गुरुवार, रात्री १०.५५

हो, बदलेल. तसं झालं तर कव्हरेज ए मध्ये आणखी २५ हजार मिळवा, मधल्या काळातही बदल करून मिळतो, वर्ष संपायची वाट बघावी लागत नाही. त्या बैठकीला मात्र जा, क्लोजिंग झालेलं असेल तर मालक म्हणून. जुन्या रहिवाशांपैकी अनेकांच्या एचओ-६ वर अजून २५ हजारच असतील, जसं तुमच्या पहिल्या कोटात होतं. बोर्डाला एवढंच विचारा की डिडक्टिबल वाढवल्याचं पत्र सगळ्या १२० घरांना किती दिवस आधी जाणार आहे. साठ दिवस तरी मागा, म्हणजे लोकांना आपापल्या एजंटला फोन करायला वेळ मिळेल.

जास्वंद | पुढचा गुरुवार, रात्री ११.०५

जाते. पत्राचा मसुदा इंग्रजीत मीच लिहून नेते, इथे टाकते, एकदा नजर घालाल का?

उंबरठा | पुढचा गुरुवार, रात्री ११.०८

टाका. उद्या सकाळी बघतो.